लाईन नादुरुस्त

डॉक्टर तांबटांनी मांडीच्या आतल्या बाजूला गार जेल चोपडलं,
पडद्यावरच्या करड्या मुंग्यांत एक ठिपका दाखवला.
"ही तुमची नस, काकू. हिच्या शेजारी औषध सोडते."
तोडणार नाही ना?
"छे! दोन-तीन दिवस फक्त बोलू देणार नाही."

एकतीस वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन, हातात कॉर्ड घेऊन बसलेल्या बाईला
याहून जास्त समजावायची गरज नव्हती.

आता गुडघा नवा. धातूचा, मधे प्लॅस्टिक.
उशाशी एक फुगा आहे, लहान मुलाच्या मुठीएवढा,
केसासारख्या नळीतून थेंब थेंब खाली सोडतो.
पाय माझ्याच पलंगावर पडलाय,
न बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.
सिस्टर स्पिरिटचा बोळा फिरवते.
गार लागतंय? नाही. इथं? नाही.
इथं?
इथं हो.
म्हणजे मी इथपर्यंत.

"शून्य ते दहा, किती दुखतंय?"
शेजारच्या कॉटवर बागवान काकू,
मंडईत चाळीस वर्षं पेरू-सीताफळ विकलेल्या.
म्हणतात, दहा सांग, सहावर तुटेल.
मी खरं तेच सांगते: दोन.
आणि रात्रभर त्या दोनाला कान लावून बसते.

हाड कापलंय, सिमेंट भरलंय, वर सत्तावीस पिना.
गुडघा गप्प बसलेला नाही.
त्याचा कॉल लागत नाहीये, एवढंच.

सत्याहत्तर साल, डिसेंबर, रात्रीचे दोन दहा.
कराडहून लाइटनिंग कॉल, आठपट दराचा.
सदाशिव पेठेतल्या एका खानावळीचा नंबर,
मुलाचं नाव, निरोप: वडील गेले.
पहिली एस.टी. साडेपाचची.
मी कराडला सांगितलं, लाईन नादुरुस्त आहे, प्रयत्न चालू आहे,
आणि कॉर्ड मांडीवर घेऊन बसले.
पाचला जोडला.
तेवढं झोपू दिलं त्या पोराला.
कुणाला बोलले नाही, नोकरी गेली असती.
फार वर्षं वाटायचं, पदरी थोडं पुण्य आहे.
कराडच्या बाजूला, कुठल्याशा पेढीवरच्या फोनपाशी
एक बाई तेवढा सगळा वेळ उभी होती.
दर दहा मिनिटांनी विचारायची, "लागला का हो?"
तिला मी हिशोबात धरलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फुगा सुरकुतला.
चिकटपट्टी सोलून नळी ओढली, कळलंसुद्धा नाही.
फिजिओच्या पोरानं वॉकर देऊन दारापर्यंत नेऊन आणलं,
"झकास" म्हणाला.
खिडकीबाहेर कर्वे रोडवरून उजेडाची मेट्रो सरकत गेली.

आधी घोट्याची आतली बाजू जागी झाली.
मग नडगीवर मुंग्या.
साडेसातला ऑर्डिनरी.
आठला अर्जंट.
सव्वानऊला तो आला, आठपटवाला.

बेल हाताशी होती. लगेच नाही दाबली.
आधी ऐकलं.
चौदा वर्षांचा तो जुना आवाज नव्हता,
जिन्याच्या पायरी-पायरीला कुरकुरणारा.
हा दुसराच कुणी. तरणा, उद्धट,
बरं व्हायची घाई असलेला.

"लागला हो," मी म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं असणार,
कारण बागवान काकू दचकून उठल्या,
"काय लागलं? कुठं लागलं?"

कॉल, म्हटलं. कराडचा.

त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या.
मग विचारलं, "किती झालं?"
सात.
"मग आता घासाघीस नको,"
म्हणाल्या, आणि हात लांबवून
माझी बेल त्यांनीच दाबली.